रुमालाखालचा सौदा

माणूस भाकरीसाठी जगत नाही. माणूस सन्मानासाठी जगतो.

हे वाक्य मोठ्या साहेबांनी वाशिंद आणि शहापूरच्या मधल्या त्या अवाढव्य गोदामात, हातात माइक घेऊन, जेवणाच्या सुट्टीत उच्चारलं. त्याचा अर्थ समजावून सांगेपर्यंत सुट्टी संपली. सन्मान ज्याच्या त्याच्या पदरात पडला आणि भाकऱ्या डब्यात राहिल्या.

देशातल्या लोकांना जे जे हवंसं वाटतं ते सगळं त्या गोदामात येऊन पडायचं. शहापूर-मुरबाडकडच्या बाया ते खोक्यात घालून, चिकटपट्टी मारून पुढं ढकलायच्या. लोकांनी घरबसल्या मागवायचं आणि बायांनी उभ्यानं भरायचं, अशी साधी वाटणी होती. भातसा धरणाचं पाणी गोदामामागून मोठाल्या नळांतून मुंबईला जायचं आणि गोदामाला टँकर यायचा. त्यामुळं असल्या वाटणीचं तिथं कुणाला नवल वाटत नसे.

"आमच्या हेड ऑफिसात," साहेब सांगत होते, "उभं राहून काम करता यावं म्हणून लोक खास टेबलं मागवतात. सतत बसणं हे विडी ओढण्याइतकं वाईट, असं आता डॉक्टर सांगतात. तुम्हाला ही सोय कंपनीनं पहिल्या दिवसापासून दिली आहे."

"मग त्यापरीस विडी तरी द्या गो," रंजना मागल्या रांगेत पुटपुटली. "उभ्यानंच ओढू."

बाया पदरात हसल्या. साहेबांना वाटलं, मुद्दा पोचला.

हेमंत त्या वेळी माइकची वायर धरून उभा होता. तो कंपनीचा संस्कृती अधिकारी. हा हुद्दा वाशिंदमध्ये कुणाला कळत नसे. शेजारपाजारचे समजत की हा गणपतीतले कार्यक्रम बसवतो. खरं काम त्याहून अवघड होतं. कंपनीत सगळे आनंदात आहेत की नाहीत ते बघायचं, आणि नसतील तर आहेत असं करायचं. नोकरी कंत्राटी होती. याआधी मुरबाडच्या एमआयडीसीत त्यानं दोन कारखान्यांत काम केलं आणि दोन्ही बंद पडले. त्यात त्याचा काही हात नव्हता, पण त्याची बायको श्वेता रोज डबा देताना सांगायची, "अहो, ही तिसरी तरी जपून वापरा." चाळिशी जवळ आली होती. ही गेली तर चौथी मिळेल असं त्याला स्वतःलाही वाटत नव्हतं. मिळून मिळून काय, तर देवळाजवळ सासऱ्यांचं झेरॉक्सचं दुकान, आणि त्यात एकच स्टूल होतं, ज्यावर सासरे बसायचे.

स्टुलावरून आठवलं. पूर्वी पॅकिंगच्या लाइनवरच्या बाया अधूनमधून रिकामे क्रेट उपडे घालून टेकायच्या. मग एकदा नीटनेटकेपणाचा सप्ताह झाला आणि क्रेट उचलले गेले. सप्ताह संपला, क्रेट आले नाहीत. हेमंतनं तेव्हा नवा असल्याच्या जोशात वर कळवलं होतं की पॅकिंगच्या टेबलांपाशी थोडी स्टुलं द्यावीत. उत्तरादाखल वरून एक पोस्टर आलं. त्यात एक माणूस बर्फाच्या शिखरावर हात पसरून होता. तोही उभाच. हेमंतनं पोस्टर लावलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्याच्या कायमच्या नोकरीची ऑर्डर आता एका यंत्रावर अडून होती. गेटजवळ एका खांबावर ते बसवलेलं होतं. त्यावर तीन बटणं आणि तीन तोंडं. हिरवं हसणारं, पिवळं गप्प, लाल रडणारं. घरी जाताना प्रत्येकानं आपला दिवस कसा गेला त्याप्रमाणे बटण दाबायचं. दाबलं की यंत्र 'टुंग' करायचं आणि ती टुंग थेट हेड ऑफिसात पोचायची. वर कॅमेरा होता. शेजारी वॉचमन संदेश उभा असायचा आणि ओरडायचा, "चला, हिरवं दाबा, पुढं सरका, मुरबाडची बस सुटतेय!" त्यामुळं गोदाम कायम आनंदी होतं.

एक दिवस मोठ्या साहेबांचा फोन आला.

"हेमंत, तुमच्याकडे सगळे खूश आहेत?"

"हो सर."

"रोज?"

"रोज सर."

"हे शक्य नाही. मी स्वतः रोज खूश नसतो." साहेबांचा आवाज खाली आला. "लोक घाबरलेत, हेमंत. भीतीतला आनंद मला नको. मला खरं दुःख दाखवा. आणि मग ते कमी करून दाखवा. तुमच्या ऑर्डरवर सही करायची की कंत्राट संपवायचं, हे मी त्या आलेखावरून ठरवणार आहे."

हेमंतनं दुसऱ्याच दिवशी लाइनवर जाऊन बायांना हात जोडले. "आजपासून मनातलं दाबा."

"मनातलं दाबायची तर सवयच हाय आमाला," रंजना म्हणाली.

संध्याकाळी सगळ्यांनी हिरवं दाबलं. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही. हेमंतला जेवण जाईना. आपल्या हाताखालची शंभरावर माणसं आनंदात आहेत या एका विचारानं त्याची झोप उडाली. शेवटी तो ठकूकडे गेला.

ठकू लाइनवरची सगळ्यांत जुनी. म्हशाजवळच्या पाड्यावरची. तिचा नवरा म्हादू म्हशाच्या जत्रेत गुरांची दलाली करायचा. आता गुडघे गेल्यामुळं घरीच असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बैलांना नावं ठेवायचा. ठकूचे पाय संध्याकाळपर्यंत इतके सुजायचे की चपला हातात घेऊन ती बसपर्यंत जायची. लाइनवर ती पुठ्ठ्याच्या तुकड्यावर अनवाणी उभी असायची. आधी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, भाताच्या खाचरातल्या बगळ्यासारखी.

"मावशी, तुम्ही तरी खरं दाबा ना."

"वर डोळा लावून ठेवलाव नि म्हणता खरं सांगा," ठकू खोक्याला पट्टी मारता मारता म्हणाली. "म्हशाच्या बाजारात बैलाचा भाव कसा होतो, बघितलाव कधी? घेणाऱ्याचा हात, देणाऱ्याचा हात, वरून रुमाल. आत बोटं बोलतात, पटलं की हात दाबतात. वर तोंडं गप. बाजूला उभा असलेल्याला बी कळत नाय काय चाललंय ते."

हेमंतच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "मग तसंच करू की! यंत्रावर रुमाल टाकू."

ठकूचा हात थांबला. समोरचं गिऱ्हाईक घ्यायला आलंय की नुसतं बैलाची शेपूट उचलून बघायला, हे जोखावं तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तसंच? बाजारात करतात तसंच?"

"अगदी तसंच."

"कंपनी तयार हाय?"

"मी सांगतो ना, मावशी. कंपनी तयार आहे."

दुसऱ्या दिवशी ठकूनं म्हादूचा खांद्यावरचा मोठा रुमाल धुऊन आणला. हेमंतनं तो यंत्रावर पांघरला. त्या संध्याकाळी बाया एकेक करून पुढं आल्या, हात आत घातला, तोंड दुसरीकडे वळवलं, आणि आतून आवाज आले. टुंग, टुंग, टुंग, टुंग, टुंग.

सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा हेमंत दात घासत होता.

"हेमंत, हे काय आहे? सगळं लाल! आणि जितकी माणसं त्याच्या पाचपट लाल! तुमच्याकडे एकेक माणूस पाच पाच वेळा दुःखी आहे?"

"सर, तुम्हीच म्हणालात खरं दुःख—"

"एवढं?" साहेब म्हणाले, "हे खाली आणा. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर तुम्ही नवी संधी शोधा." कंपनीत कुणाला काढत नसत, नवी संधी शोधायला सांगत.

मग हेमंतनं काय केलं नाही? कामाआधी ताडासन सुरू केलं, म्हणजे बाया आधी उभ्या राहायच्या आणि मग कामाला उभ्या राहायच्या. 'वाहवा भिंत' केली, तिच्यावर ज्या बाईनं जास्त खोकी भरली तिचा हसरा फोटो. फोटो काढताना बाया हसत नसत, म्हणून हेमंत कॅमेऱ्यामागं उभा राहून माकडासारखी तोंडं करायचा. म्हशाच्या जत्रेला रजा मिळणार नव्हती, म्हणून त्यानं जत्राच गोदामात आणली. पुठ्ठ्याचा एक बैल उभा केला आणि शेजारी सेल्फीची जागा. ठकूनं बैलाचे दात बघायला ओठ वर करायचा प्रयत्न केला. दात चितारलेलेच नव्हते. तिनं मुंडी हलवली आणि पाठ फिरवली.

रात्री श्वेता विचारायची, "काय झालंय?" तो म्हणायचा, "काही नाही, लोक दुःखी आहेत." ती म्हणायची, "मग तुम्ही का जेवत नाही?"

आणि मग चमत्कार झाला. आठवडा उलटला आणि लाल उतरलं. पाचपट होतं ते चौपट झालं. सगळ्या बायांचं, एकाच दिवशी. पुढच्या आठवड्यात तिप्पट. मग दुप्पट. जिना उतरावा तसा आलेख उतरत आला, आणि साहेबांचे फोन गोड होत गेले.

"कसं साधलंत, हेमंत?"

"ताडासन, सर," हेमंत म्हणाला, कारण त्यालाही काहीतरी हवंच होतं.

हेड ऑफिसनं तो आलेख देशभरच्या गोदामांना दाखवला. मोठे साहेब स्वतः येऊन आनंदाचा चषक देणार असं ठरलं. त्याच कार्यक्रमात, सगळ्यांसमोर, हेमंतला कायमच्या ऑर्डरचं पाकीट मिळणार होतं. श्वेतानं त्याच्यासाठी नवा शर्ट आणला. शहापूरहून मंडपवाला आला आणि स्टेजवर मखमली गवसणीच्या खुर्च्या मांडून गेला. त्यातली शेवटची हेमंतची. हेमंतनं कुणी बघत नाही असं बघून तिच्यावर बसून पाहिलं. बरं वाटलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी तो लाइनवरून फिरत होता. ठकूपाशी येऊन थांबला. गेल्या कित्येक दिवसांत तो पहिल्यांदाच मनापासून हसत होता.

"काय मावशी, आता जरा बरं वाटतंय ना?"

"कसलं बरं. तुमचा गडी लई चिवट निघाला."

"कोण गडी?"

"रुमालाखालचा." ठकूनं पाय बदलला. "पाच सांगितले त्याला. शिफ्टमधी पाच वेळा बुड टेकू द्या, पाणी प्यायला लागतं तेवढाच टाइम. सगळ्या बायांचा एकच भाव, आमी बसमधी ठरवून आलेलो. तो टुंग बोलला. म्हणजे ऐकलं. पण हात काय दाबला नाय. आठवडा वाट बघितली. म्हटलं, नवं गिऱ्हाईक हाय, उतरू. चार सांगितले. मग तीन. मग दोन. आता एकावर येऊन थांबलोय. एक डाव, साहेब. ह्याच्या खाली बोटच नाय माणसाला."

हेमंतच्या तोंडावरचं हसू तिथंच राहिलं, उतरवायचं विसरल्यासारखं.

"म्हणजे... लाल..."

"लाल म्हणजे अजून पटला नाय. पटला की हिरवं दाबायचं."

"मग हे मला का नाही सांगितलंत?"

आता ठकूला त्याची कीव आली. "सौदा चालू असताना तोंडानं बोलतात व्हय? भाव फुटतो. तुमीच म्हणालाव, अगदी तसंच."

"आणि नाहीच पटला तर?"

"नाय पटला तर रुमाल झटकायचा नि बैल घरी न्यायचा." तिनं पट्टीचं टोक दातानं तोडलं. "पण हितं बैल आमीच. घरी नेऊन त्याला घालणार काय?"

खोकं पुढं सरकलं. मागून दुसरं आलं.

हेमंत केबिनमध्ये जाऊन दार लावून बसला. मग बसवेना म्हणून उभा राहिला. आलेख भिंतीवर लावलेला होता, तो देशभर गाजलेला जिना. आता त्याला त्यात पायऱ्या दिसेनात. एकेक करून मिटत गेलेली बोटं दिसू लागली. खरं सांगावं तर पाकीट गेलं. न सांगावं तर ते एक बोटही उद्या मिटणार. त्यानं फोन लावला.

"सर, ते लाल कमी झालं ना, ते ताडासनामुळं नाही—"

"हेमंत, यश मिळाल्यावर ते उचकटून बघायचं नसतं."

"सर, बायांना खरं म्हणजे स्टुलं—"

"स्टुलं?" साहेब दचकले. "उद्या? अजिबात नाही. मंडपवाल्याला सांगा, पाहुण्यांना खुर्च्याच पाहिजेत."

"हो सर," हेमंत म्हणाला. हे दोन शब्द त्याच्या तोंडून इतक्या सवयीनं निघायचे की ते निघून गेल्यावरच त्याला कळायचं. त्यानं पुन्हा फोन लावला नाही. घरी गेला, नव्या शर्टाला इस्त्री केली, आणि इस्त्री झालेल्या शर्टाला पुन्हा इस्त्री केली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कार्यक्रम सुरू झाला. स्टेजवर खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे, शेवटच्या खुर्चीवर हेमंत. मधल्या टेबलावर आनंदाचा चषक, आणि त्याच्या शेजारी गेटवरून काढून आणलेलं ते यंत्र, म्हादूच्या रुमालासकट. रुमालालाही कुणीतरी इस्त्री केली होती. समोर बाया रांगांनी उभ्या. पत्रा तापला होता. साहेबांनी माणसाचं आणि सन्मानाचं ते वाक्य पुन्हा म्हटलं. ते गाजलेलं होतं. मग हेमंतच्या नावाचं पाकीट हातात घेतलं, ते सगळ्यांना दाखवलं आणि देता देता ते थांबले.

"पण त्याआधी मला एक कामगार बोलताना ऐकायचाय. लिहून दिलेलं नको. मनापासून. तुमच्यातल्या सगळ्यांत जुन्या ठकूताई, या वर."

ठकू चपला खाली काढून एकेक पायरी चढून वर आली. चढताना तिनं टेबलाचा आधार घेतला. ती बोलली तर आलेखाचा तो जिना कोसळणार होता, हेमंतसकट. आणि तरीही, नवल असं की, तिनं बोलावं असं त्याला वाटत होतं. म्हणजे मग त्याला बोलावं लागलं नसतं.

ठकू बोलली नाही. सौदा अजून चालू होता. तिनं यंत्रावरचा रुमाल उचलला, झटकला. रंजनानं खालून श्वास आत ओढला. पण ठकूनं तो झटकून खांद्यावर टाकला नाही. ती साहेबांपुढं गेली, त्यांचा मोकळा हात आपल्या हातात घेतला आणि वरून रुमाल पांघरला.

साहेबांना वाटलं, हा इकडचा सत्कार. फोटोवाल्याकडे बघून ते प्रसन्न हसले. रुमालाखाली ठकूनं त्यांचं एक बोट धरलं. एकच. आणि मान वळवून दुसरीकडे बघत ती थांबली, खालच्या सगळ्या बायांसारखीच.

साहेब माणसांत वावरलेले होते. कुणी हात धरला की आपुलकीनं दाबायचा, हे त्यांना कंपनीनं एका शिबिरात शिकवलं होतं. त्यांनी ठकूचा हात घट्ट दाबला. दोनदा.

खालून असा आवाज उठला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. बाया एकमेकींचे हात दाबत होत्या. कुणीतरी "पटला!" म्हणून ओरडलं. रंजनानं तर धावत येऊन यंत्राचं हिरवं बटण दाबलं. टुंग.

"वा!" साहेब भारावले. "किती सुंदर प्रथा! हेमंत, ह्याला इकडे काय म्हणतात?"

हेमंत उठला. पाकीट साहेबांच्या दुसऱ्या हातात होतं, हाताच्या अंतरावर. त्यानं पाकिटाकडे बघितलं, मग ठकूच्या पायांकडे. दाखवायला पोस्टरमधला शिखरावरचा माणूस तिथं नव्हता, आणि "हो सर" या उत्तरात बसेल असा हा प्रश्न नव्हता.

"सर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका बारीक निघाला की माइक पुढं करावा लागला, "ह्याला शब्द दिला म्हणतात."

साहेबांचं हसू एका बाजूनं उतरायला लागलं. "शब्द? कसला?"

हेमंतनं ठकूकडे हात केला. मग साहेबच सावरले, माइक त्यांनी ठकूपुढं धरला आणि आवाजात देशातली सगळी गोदामं सामावून घेत म्हणाले, "ठकूताई, सांगा. अगदी निर्भयपणे. आज मी काहीच नाकारणार नाही. मोठं मागा! मोठी स्वप्नं बघा! कंपनी तुमच्या पाठीशी उभी आहे!"

ठकूनं रुमालाची नीट घडी घातली आणि कमरेला खोचली. सौदा झाला होता. आता तोंडानं बोलायला हरकत नव्हती. तिनं इकडं तिकडं बघितलं, हेमंत उठल्यामुळं रिकाम्या झालेल्या मखमली खुर्चीकडं बघितलं, आणि माइक कुठं धरतात ते ठाऊक नसल्यामुळं जरा वाकून म्हणाली,

"मोठं काय नाय साहेब. तुमचं भाषण होईस्तवर जरा बसू का?"